काटकसरीची सहल आणि चांद्याचा परकोट

ऐतिहासिक शहर कसे दिसते, हे पाहणाऱ्याच्या खिशावर बऱ्याच अंशी ठरते. ज्याच्याजवळ पैसा असतो तो प्रवासात प्रामुख्याने वेळ विकत घेतो; दारात उभी राहणारी गाडी, आगाऊ ठरवलेली खोली आणि सोबत चालणारा गाइड या तिन्ही सोयी मुळात वेळ वाचवण्याच्या आहेत. विद्यार्थ्याचे गणित उलटे असते, कारण त्याच्याजवळ वेळ मुबलक आणि पैसा मोजका असल्याने तो वेळ देऊन पैसा राखतो. तो पायी चालतो, एसटीची वाट पाहतो, रस्ता विचारत जातो. इतिहासाच्या आकलनाच्या दृष्टीने या दोन व्यवहारांची फलिते सारखी नसतात, आणि मित्रांसोबत काढलेल्या काटकसरीच्या सहलीचे मोल जोखायचे तर विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो.

नागपूरच्या प्रताप नगरात, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेपासून फार दूर नसलेल्या वस्तीत, भाड्याच्या खोलीत आणि मेसच्या डब्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला खर्च वाटून घेण्याच्या दोन पद्धती चांगल्या ठाऊक असतात. ‘टीटीएमएम’ म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’, ज्यात प्रत्येकजण आपापले पैसे देतो. ‘कॉन्ट्री’ म्हणजे वर्गणी, ज्यात सर्वांनी आरंभी सारखी रक्कम काढून एकाच्या हाती द्यायची आणि पुढचा सगळा खर्च त्या सामाईक रकमेतून करायचा. पहिल्या पद्धतीत ज्याची त्याची निवड ज्याच्या त्याच्यापाशी राहते. दुसरीत मात्र प्रत्येक खर्चाला गटाची संमती लागत असल्याने ‘हे पाहण्याजोगे आहे का’ हा प्रश्न उघडपणे मांडावा लागतो. वारसा म्हणजे मागच्या पिढ्यांकडून आलेली आणि पुढच्यांकडे सोपवण्याजोगी मानलेली ठेव, अशी व्याख्या केली, तर सोपवण्याजोगे काय हा वाद वारशाच्या मुळाशीच असतो. वर्गणीचा गट तो वाद चहाच्या टपरीवर घालतो, इतकेच.

या वादातला पहिला मुद्दा अंतराचा असतो. प्रताप नगराच्या नावात मेवाडचा राणा प्रताप आहे, आणि इतिहास पाहायचा तर उदयपूर, चितोड, आग्रा, दिल्ली ही नावे नागपूरकर तरुणांच्या ओठांवर आधी येतात. परंतु नागपूरपासून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर, सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा आणि भांदक ही स्थानके मागे टाकून रेल्वेच्या जनरल डब्यातूनही सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येईल असे, चंद्रपूर म्हणजेच जुने चांदा हे परकोटाचे शहर आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट लागते, त्यामुळे मुलामुलींच्या एकत्र गटाची वर्गणी आणखी हलकी होते. मध्य भारतात गोंडांची गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा अशी चार प्रमुख राज्ये मानली जातात; त्यांपैकी देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, आणि त्याच शतकाच्या मध्यापर्यंत नागपूरकर भोसल्यांनी देवगड व चांदा ही दोन्ही राज्ये आपल्या सत्तेखाली आणली. म्हणजे चांद्याला जाणारा नागपूरचा विद्यार्थी परक्या इतिहासाकडे जात नसतो; तो आपल्याच शहराच्या इतिहासाचे दुसरे अंग पाहायला जात असतो.

चांद्याच्या स्थापनेची कथा या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा बल्लारपूरला राहत असे आणि त्वचेच्या विकाराने त्रस्त होता. झरपट नदीच्या पात्रातील एका खळग्यातल्या पाण्याने त्याचा विकार बरा झाला, आणि पुढे त्याच परिसरात त्याने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले, तेव्हा राणीच्या सल्ल्याने त्या दोघांच्या धावेच्या मार्गावरच नगराचा कोट आखण्यात आला, असे परंपरा सांगते. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा ठिपका होता, म्हणून नगराला चांदा हे नाव मिळाले, अशी जोडही या कथेला आहे. शिकारी कुत्र्यावर उलटणारा ससा विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या स्थापनाकथांतही आढळतो. स्थापनाकथा म्हणजे नगराच्या उगमाचे लोकांनी जपलेले स्पष्टीकरण, आणि दुर्बळालाही बळ देणारी भूमी हा अशा कथांचा समान आशय असल्याने तिच्याकडून घटनेच्या पुराव्याची अपेक्षा करता येत नाही. मात्र चांद्याच्या कथेत एक तपशील असा आहे, जो पायी फिरणाऱ्यालाच नीट उमगतो: कोटाची रेषा सरळ नाही, ती वळणे घेत जाते, आणि तिच्या कडेने चालणाऱ्याला ही कथा कुणी व का रचली असेल याचा अंदाज बांधता येतो.

परकोट म्हणजे केवळ राजवाड्याभोवती नव्हे, तर सबंध नगराभोवती घातलेली तटबंदी. चांद्याच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे आणि त्यांशिवाय पाच खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे तटातील लहान वाट, जिचा उपयोग नदीवर, शेतात किंवा स्मशानाकडे जाण्यासाठी होई. दरवाज्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प हे गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे. आग्र्याच्या ताजमहालात भारतीय नागरिकाला पन्नास रुपयांचे तिकीट आणि मुख्य कबरीच्या वास्तूसाठी दोनशे रुपये आणखी, अशी व्यवस्था डिसेंबर २०१८ पासून आहे; चांद्याच्या दरवाज्यांतून मात्र शहराची दैनंदिन वाहतूकच चालत असल्याने त्यांना तिकीट लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भाजीची हातगाडी, शाळकरी सायकली आणि ऑटोरिक्षा ज्या कमानीखालून जातात, तीच कमान संरक्षित स्मारक असते, आणि विद्यार्थ्याला इतिहास तेथे वर्तमानात गुंतलेल्या अवस्थेत भेटतो.

पती-पत्नीच्या स्मृतीची वास्तू पाहायची असेल, तर तीही येथे आहे. बीरशहा या राजाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी त्याची समाधी बांधविली. पत्नीने पतीसाठी उभारलेली ही वास्तू असल्याने ताजमहालाशी तिची तुलना उलट दिशेने केली जाते, आणि महाकाली मंदिराच्या उभारणीशीही हिराईचेच नाव जोडले जाते. शहराबाहेर लालपेठेत अपूर्ण राहिलेल्या प्रचंड पाषाणमूर्ती उघड्यावर पडल्या आहेत, ज्यांतील दशमुखी मूर्तीला लोक रावण म्हणतात. अपूर्ण वास्तूचे मोल असे की पूर्ण वास्तू आपली बांधणी लपवते, तर अपूर्ण वास्तू कारागीर कोठे थांबला हे दाखवते. परंतु सहलींच्या झटपट यादीत अशा जागेला स्थान मिळणे कठीण असते.

चंद्रपूर जिल्ह्याची आजची प्रसिद्धी वाघावर उभी आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याकडे जाणारा पर्यटक जिप्सीच्या सफारीसाठी हजारो रुपये मोजतो आणि शहराला वळसा घालून जातो. ज्याला ती सफारी परवडत नाही तो विद्यार्थी शहरात राहतो, आणि म्हणून त्यालाच परकोट दिसतो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी हा तट फोडून चांदा घेतले, हेही त्यालाच जागेवर वाचता येते, आणि कोटाबाहेर दिसणारे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र व कोळशाच्या खाणी पाहून राज्ये बदलली तरी भूमीवरचा हक्काचा झगडा कसा चालू राहतो, याचा विचारही त्याला करावा लागतो.

कमी पैशांच्या प्रवासाची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाड्यातून येणारे भाविक शिदोरी बांधून येतात आणि झरपटीच्या काठी मुक्काम करतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवून कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि कमाई गमावून परतले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १८५८ ची झाशी एका सामान्य याज्ञिकाच्या नजरेने मराठीत उरली ती त्यामुळेच. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत उमरावांची मुले सेवकांच्या लवाजम्यासह रोम-फ्लॉरेन्सला जात. त्याच युरोपात रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेनाच्या गढीत तरुणांसाठी स्वस्त निवास उघडला आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाला संस्थेचे रूप दिले. महाराष्ट्रात हेच काम दीर्घकाळ धर्मशाळांनी केले होते; फरक एवढाच की धर्मशाळेची वाट देवाकडे जात असे, इतिहासाकडे नव्हे.

काटकसरीचा आणखी एक लाभ ज्ञानाचा आहे. पेशवे दप्तरातील रोजकीर्द, म्हणजे दररोजच्या जमाखर्चाची नोंद, इतिहासकाराला धान्याच्या भावापासून स्वारीच्या मुक्कामांपर्यंत बरेच काही सांगते, कारण हिशेब लिहिणाऱ्याला वर्णनाचा मोह नसतो. वर्गणी सांभाळणारा मित्र जी वही ठेवतो, तिच्यात तर्री-पोह्यांपासून एसटीच्या तिकिटापर्यंतचा प्रत्येक रुपया उतरतो, आणि ती वही अजाणता त्या सहलीची रोजकीर्द होते. छायाचित्रे कोठे गेलो ते सांगतात. वही कशाला किती महत्त्व दिले ते सांगते.

या प्रतिपादनाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. टंचाईला सद्गुण ठरवणे सोपे असते, विशेषतः ज्यांना टंचाई भोगावी लागत नाही त्यांना. स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणी न पिणारी मुलगी किंवा मुक्कामाची सुरक्षित जागा नसल्याने सहलीलाच न आलेली मैत्रीण यांच्यासाठी काटकसर म्हणजे वगळले जाणे असते, आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे नेणाऱ्या चांद्याच्या उन्हाळ्यात पायी फिरण्याचे कौतुक निरर्थक ठरते. म्हणूनच विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे शहर घडवणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. स्वस्त वाहतूक, पाण्याची सोय, सुरक्षित निवास आणि वाचता येतील असे मराठी माहितीफलक ही सार्वजनिक जबाबदारी आहे. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटावरचा झाडोरा आणि कचरा श्रमदानाने काढला, तेव्हा तटाची वाट पुन्हा चालण्याजोगी होऊ लागली. पैशाविना पाहता येणाऱ्या इतिहासालाही कुणाचे तरी श्रम लागतात, हे या उदाहरणाने दाखवले.

शहराचा इतिहास खरोखर सर्वांचा आहे की नाही, याची कसोटी त्याच्या स्मारकांच्या संख्येत नसून मोजक्या पैशांनी आलेल्या तरुणाला ते किती दिसते यात आहे. नागपूरच्या महाविद्यालयांनी दूरच्या राजधान्यांची सहल ठरवण्याआधी, हिवाळ्यातला एक दिवस राखून, विद्यार्थ्यांना चांद्याचा परकोट पायी फिरवण्याचा पायंडा पाडावा. जटपुरा दरवाज्यातून आत जायला पैसे पडत नाहीत.