उघाडी

नेरुळला लागून असलेल्या करावे गावात एक मुलगा राहत होता. त्याचं नाव सांगत नाही. तो शाळेच्या संघात स्टॉपर होता, आणि स्टॉपरचं नाव तसंही कुणी विचारत नाही. अंगाने उंच, हेडर जोरकस, समोरून कुणीही धावत आला तरी मागे न हटणारा. सर त्याला गोलकीपरच्या पुढे उभं करून निश्चिंत असायचे. पोरगा मात्र मनातून कुढायचा. सामना जिंकला की फॉरवर्डला खांद्यावर घेत, फोटो त्याचेच निघत. हा बाजूला बसून गुडघ्याला लागलेली माती खरवडत असे.

एका सामन्यात त्याने शेवटच्या मिनिटाला गोललाइनवरचा चेंडू मांडीने अडवला. संघ एक-शून्यने जिंकला. मांडीवर चेंडूच्या शिवणीचा लालभडक वळ उठला होता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी तो सरांना म्हणाला, "सर, उद्यापासून मी पुढे खेळणार. मागे राहून काय मिळतं?"

सर चिडले नाहीत. चेंडू जाळीत भरता भरता म्हणाले, "राहुल भेके माहीत आहे?"

"मुंबई सिटीचा कॅप्टन होता तो?"

"तोच. आपल्या मुंबईचा पोरगा. बस इथे."

मग सरांनी त्याला सगळं सांगितलं. भेके १९९० सालचा. कोलकात्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असं करत २०१७ मध्ये तो बंगळुरूला गेला. भारताची जर्सी मिळायला २०१९चा जून उजाडला. थायलंडमधला किंग्ज कप, समोर कुरासाव. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि या वयापर्यंत बोलावणं आलं नाही की पुष्कळ खेळाडू नोकरीधंद्याला लागलेले असतात. कोच सांगेल तिथे तो उभा राहिला. बंगळुरूत बराच काळ राइट बॅक, मुंबई सिटीत मधला स्टॉपर. २०२३-२४च्या मोसमात मुंबई सिटीचा कॅप्टन झाला. ते वर्षही सोपं नव्हतं. जानेवारीत कतारला आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. एप्रिलमध्ये कोलकात्यात मोहन बागानने मुंबईच्या तोंडातून लीग शील्ड काढून घेतली. तीन आठवडेही झाले नसतील, ४ मेला त्याच सॉल्ट लेक मैदानावर त्याच बागानशी आयएसएलची फायनल होती. मुंबई आधी गोल खाऊन बसली आणि तरी ३-१ने जिंकली. चषक उचलला भेकेने.

इथवर पोरगा जांभया देत होता. मग सर गोलांवर आले.

१७ मार्च २०१९, अंधेरी. आयएसएलची फायनल, बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळही संपत आलेला. ११७व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला, मागून भेके आला, डोकं लावलं आणि बंगळुरूला पहिल्यांदा आयएसएल मिळाली. तीही त्याच्या जन्मगावात. ११ एप्रिल २०२२, रियाध. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जवियाने आधी गोल केला, मुंबई सिटीने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि विजयाचा हेडर पुन्हा भेकेचा. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय.

"म्हणजे सर, बॅकसुद्धा गोल मारतो!" पोरगा उठून उभाच राहिला.

सरांना सांगायचं होतं एक, पोराने ऐकलं दुसरं. (हे शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं.) पुढच्या सामन्यात हा पठ्ठ्या प्रत्येक कॉर्नरला, प्रत्येक फ्रीकिकला पुढे. चेंडू हातचा गेला तरी परतायचं नाव नाही, पुढच्या चेंडूची वाट बघत तिथेच घुटमळायचा. मागे त्याची जागा उघडी पडली. समोरच्यांनी दोनदा त्याच भगदाडातून येऊन गोल केले. आता मात्र सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. पंचवीस जणांनी, एकाच सुरात.

"चुकलो की सगळ्यांना दिसतो," तो सरांवरच उखडला. "एरवी कुणाला दिसत नाही."

सर म्हणाले, "खरं आहे. २०२२च्या ऑक्टोबरात मी आपल्या डी. वाय. पाटीलला होतो. मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल. कोलंबियाच्या पोरींनी स्पेनला एक्क्याऐंशी मिनिटं गोल करू दिला नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका बॅकच्या पायाला लागून चेंडू आत गेला. स्पेन १-०. नोंद राहिली ती त्या एका मिनिटाची."

मला विचाराल तर फुटबॉलचा हा हिशेब कच्चा आहे. झालेले गोल मांडतात, न झालेले मांडायला रकानाच नाही. पण त्या दिवशी पोराचं समाधान करणं सरांना जमलं नाही.

ते काम आबांनी केलं. आबा म्हणजे त्याचे आजोबा, आगरी शेतकरी. शेत सिडकोने घेतलं त्यालाही आता जमाना झाला. जुलैतल्या अमावास्येला, ऐन उधाणाच्या वेळी, ते नातवाला बेलापूरच्या होल्डिंग पाँडवर घेऊन गेले. पाऊस कोसळत होता. खाडी टम्म फुगलेली, शहर तिच्या पातळीखाली, आणि मधल्या झडपा गच्च मिटलेल्या. रस्त्यांवरून आलेलं पाणी तळ्यात थोपून राहिलं होतं, ओहोटीची वाट बघत. तळ्यात गाळ साचलाय, तिवरं माजलीत, त्यावरून आबांनी आधी दोन शिव्या हासडल्या. मग म्हणाले,

"सिडकोने हे डच लोकांकडून घेतलं म्हणतात. घेतलं असेल. आमच्या खाजणात बांधाला उघाडी होती, ती हेच करायची. लाकडाची फळी, वरून अडकवलेली. भरती आली की खाडीच तिला दाबून बंद करणार. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडणार. उधाणाच्या आदल्या दिवशी माझा बाप कमरेइतक्या चिखलात उतरायचा. फळीखाली काटकी अडकलीय का, शिंपले बसलेत का, हाताने चाचपायचा. बोटं कापायची. बोटभर फट राहिली तरी रात्रीत खारं पाणी आत. बांधाला खांड पडली तर त्या वर्षीचं भात गेलंच, जमीन पुन्हा गोडी धरेपर्यंत पुढची वर्षंही गेली."

"मग गाव त्यांना काय म्हणायचं?"

"भात चांगलं आलं की गाव पावसाला चांगलं म्हणायचं. बापाचं नाव एकदाच निघालं. ज्या वर्षी पाणी आत शिरलं, त्या वर्षी."

"तरी उतरायचे?"

"उतरायचा. कुणीतरी उतरल्याशिवाय पीक येत नाही. आणि ते भात आम्हीच खात होतो की रे."

पोरगा बराच वेळ झडपांकडे बघत उभा राहिला. घरी आल्यावर त्याने फोनवर भेकेचे सामने शोधले. या वेळी गोलांचे तुकडे सोडून अख्खे सामने लावले. १९ मार्च २०२५, शिलाँग, मालदीवविरुद्ध भारत ३-०. पहिला गोल भेकेचाच होता, कॉर्नरवरून हेडर. पण निवृत्ती मागे घेऊन आलेल्या फॉरवर्ड छेत्रीनेही त्या दिवशी गोल केला, त्यामुळे जो तो छेत्रीबद्दलच बोलत होता. पोराने गोल दोनदा बघितला. गोलनंतर भेके आपल्या जागेवर कसा परतला, ते मात्र पुन्हा पुन्हा.

मोसमातला शेवटचा सामना आला. शून्य-शून्य चालू असताना कॉर्नर मिळाला. त्याने सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली, तो पुढे गेला. चेंडू डोक्यावरून वीतभर उंच गेला आणि समोरच्या कीपरने पकडून लगेच लांब मारला. त्यांचा फॉरवर्ड मोकळाच होता. पण या वेळी पोरगा चेंडू पकडला जाताक्षणी वळला होता. अख्खं मैदान कापत तो धावला आणि बॉक्सच्या तोंडाशी घसरत जाऊन पायाच्या टोकाने चेंडू बाहेर काढला. थ्रो-इन. टायब्रेकरमध्ये संघ हरला. फोटो समोरच्यांचे निघाले.

सर जाळी आवरत होते. पोरगा धापा टाकत त्यांच्यापाशी आला. दोघं हुकलेल्या पेनल्टीबद्दल काही बोलले नाहीत.

"सर, कॉर्नरवरून परत येताना कडेने यायचं की मधून?"

"मधून," सर म्हणाले. "आणि पुढे जाताना राइट बॅकला सांगून जात जा."