पेटीचा तळ

खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. त्या दिवशी ज्याचं त्याचं अवजार लखलखीत. पण गहू-हरभऱ्याची पेरणी उरकल्यावर, थंडीच्या तोंडावर, पेरणीयंत्र धुऊन ठेवून द्यायचं असतं. त्या दिवसाला पंचांगात नाव नाही, आणि ते काम बघायलाही कुणी येत नाही.

बियाण्याची पेटी झाडून रिकामी करायची, नाहीतर उरल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि नळ्याही कुरतडतात. नळ्या काढून आढ्याला टांगायच्या. साखळी डिझेलमध्ये धुवायची, फणांना जळकं ऑईल फासायचं, चाकं फळीवर चढवायची. किचकट काम खताच्या पेटीचं. दाणेदार खत हवेतला ओलावा ओढतं. तळाशी राहिलेलं मूठभर खत आधी चिकट होतं, मग त्याचा दगड होतो, आणि ते पत्रा खात बसतं. वरून झाकण लावलं की यंत्र कसं नवरीसारखं!

असंच नवरीसारखं यंत्र मी एकदा थोरल्या चुलतभावाला परत दिलं. आम्ही त्याला दादा म्हणतो. पेरणीपुरतं मागून आणलं होतं. घरात लग्नाची घाई. बाहेरून पाणी मारलं, पेटीत हातच घातला नाही.

पुढच्या कार्तिकात दादाच्या रानात खत सोडणारा रोलर अडकला आणि साखळी तुटली. बी आणि खत दोन्ही त्याच साखळीवर. ट्रॅक्टरवर नवा पोरगा होता, त्याच्या ध्यानात आलं नाही. चार-पाच फेऱ्या यंत्र नुसत्या रेघा ओढत गेलं. गहू उगवला तेव्हा रानात मोकळे पट्टे दिसले. दादानं त्या पोराची आठवड्याची मजुरी कापली. मी तिथंच बांधावर उभा होतो. रोलर कशानं अडकला ते मला कळलं होतं. बोललो नाही.

मनाला समजवायला कारणं पुष्कळ. यंत्र दादाचं, पेरणीआधी त्यानं उघडून बघायचं होतं. पोरानं मागं वळून बघायचं होतं. दोन्ही खरं. पण त्यांची चूक माझ्या चुकीतून वजा होते का? दहावीपर्यंतच्या गणितात असं उदाहरण काही आलं नाही. आणि दादानं झाकण का उघडलं नाही? यंत्र माझ्याकडून आलं होतं म्हणून. म्हणजे ज्याला मी त्याचा गाफीलपणा म्हणत होतो, तो माझ्यावरचा भरवसा होता.

काही वर्षांनी सांगून टाकलं. दादा हसला. "अरे, मी तरी कुठं पेटी उघडली होती?" त्याच्यापुरतं ते फिटलं. पण मजुरी त्याची कापली गेली नव्हती. पोरगा केव्हाच काम सोडून गेला होता, आणि त्याचं गाव कोणतं हे विचारून ठेवावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं. त्याच्या वाटची माफी दादा कशी देणार?

२०२१ साली आमचं मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. दादाच्या रानात आता इमारत आहे, यंत्र माझ्याकडे. मला वीस गुंठे उरलेत, तेवढं हातानं टोकूनही होईल. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. यंदाही मी पेटी उलटी केली, तळ खरवडला, धुतला आणि झाकण उघडं टाकून उन्हात ठेवली. नातू डोकावून म्हणाला, "आजोबा, आत तर काहीच नाही."

म्हटलं, "हात घालून बघ."