विषाणूस चांगले म्हणावे काय?

संत पौल रोमला जाताना इटलीतील पुत्युली बंदरात उतरला आणि बंधुजनांच्या आग्रहावरून सात दिवस राहिला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. आज पोत्सुओली म्हणतात ते हेच गाव. तेथील कढत, आम्लयुक्त झऱ्यांत ‘आर्किया’ हे सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. आणि त्यांनाही विषाणू ग्रासतात! त्यांतील एक विषाणू शास्त्रज्ञांनी २००५ साली जगापुढे आणला. पेशीतून निघताना तो लिंबाच्या आकाराचा असतो. मग जवळ पेशी नसतानाही, ८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत त्याला दोन्ही टोकांस शेपट्या फुटतात. जो खात नाही, श्वास घेत नाही, तो हे करतो. त्याला सजीव म्हणावे की निर्जीव, हा वाद शास्त्रज्ञांचा.

आमची अडचण निराळी आहे. २०२० नंतर ‘विषाणू’ म्हणताच आमच्यातून गेलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले ‘चांगले’ हे विशेषण त्याला लावण्यास जीभ रेटत नाही. पोत्सुओलीचा विषाणू माणसाच्या वाटेस जात नाही, म्हणून त्याला चांगले म्हणणे सोपे. पण मग माप आमच्याच सोयीचे झाले. माणूस घडण्यापूर्वीच तर तो शब्द पुन्हापुन्हा उच्चारला गेला होता!

आणि त्या सूक्ष्मजीवाचे काय? विषाणू त्याच्या जनुकांत निमूट वस्तीला राहतो. संकट आले की यजमानालाच फोडून निघून जातो. परमेश्वराने ‘चांगले’ म्हटले ते दोघांनाही?