गिरनारची माझी अर्धी प्रदक्षिणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, गिरनारला कधी निघायचं? गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच जणी सुरतहून रात्रीच्या बसने जुनागढला गेलो होतो. तेव्हाचं एक सांगायचं राहून गेलंय. खरं सांगायचं तर राहून गेलेलं नाही, मी टाळत होते.

बरोबर माझ्या मोठ्या नणंदबाई होत्या. त्यांचं वय बासष्ट, साखरेचा त्रास आहे, गुडघेही बोलतात. पण दत्तमहाराजांचं नाव काढलं की त्या सगळ्यांच्या आधी तयार. मी मात्र घरूनच मनात एक ठरवून निघाले होते. अंबामाता, गोरक्षनाथ, दत्त ही तिन्ही शिखरं करायची आणि उतरताना चढलेली वाट धरायची नाही. गोमुखी गंगेपासून एक फाटा सहसावनकडे जातो, तो जंगलातून उतरून पुन्हा भवनाथ तळेटीलाच येतो. म्हणजे गोल पूर्ण होतो. माझी प्रदक्षिणा झाली असं मला म्हणता येणार होतं.

आता गिरनारची परंपरेची परिक्रमा कुठली हे तुम्हाला माहीतच आहे. ती कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा, साधारण 36 किलोमीटर, पायथ्याच्या जंगलातून होते. माझी ही प्रदक्षिणा कुठल्या पोथीत नव्हती, कुठल्या गुरूंनी सांगितली नव्हती. ती माझ्या मनाने काढलेली होती. हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा त्याला मी संकल्प म्हणत होते.

उन्हाच्या आधी वर पोचायचं म्हणून पहाटे तीनला पहिल्या पायरीला डोकं टेकवलं. अंधारात बॅटरीच्या उजेडात चढत साडेसहाला जैन देरासरांपाशी आलो. चार हजारांच्या आसपास पायऱ्या झाल्या होत्या. तिथे ताई एका दुकानाच्या ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. म्हणाल्या, "माझे पाय आता ऐकत नाहीत गं. तुम्ही जाऊन या. मी इथूनच नमस्कार करते. उतरताना मला घ्या." मी म्हटलं, "हो ताई." इतक्या सहज म्हटलं की त्यांची गोळ्यांची डबी आणि पैशांचं पाकीट माझ्याच पिशवीत आहे, हेही लक्षात आलं नाही.

पुढचं सगळं सुंदर होतं. अंबामातेच्या देवळाशी उजाडून ऊन वर आलं. गोरक्षनाथांचं शिखर म्हणजे आख्ख्या गुजरातचं सर्वांत उंच ठिकाण. तिथून समोर दत्तशिखराचा सुळका दिसतो, आणि इतकं चढून पुन्हा खाली उतरून परत चढायचंय हे पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. पादुकांपुढे उभी राहिले तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. ते खोटं नव्हतं. (जैन बांधव त्याच जागेला नेमिनाथांचं निर्वाणस्थान मानतात. भाव ज्याचा त्याचा. तिथे आवाज चढवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.)

परत येताना अकरा वाजून गेले. कातळ तापलेला, रेलिंगला हात लावता येईना. गोमुखीच्या फाट्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, "अगं, ताई खाली बसल्यात ना?" देरासर तिथून थोडंसंच खाली. पण तिथे उतरलं की पुन्हा फाट्यावर चढून यावं लागणार, आणि ते अंगात नव्हतं. मग गोल मोडला असता. मी म्हटलं, "रोपवे आहे ना, त्या येतील." रोपवे अंबाजीपाशी थांबतो, देरासरापासून हजारेक पायऱ्या वर, हे मला पक्कं माहीत होतं. ज्यांना दहा पायऱ्या चढवत नव्हत्या त्यांना मी मनातल्या मनात हजार चढवून मोकळी झाले. एकदा फोन लावला, लागला नाही. तेवढ्यावर मी कर्तव्य पूर्ण समजले आणि सहसावनची वाट धरली.

सहसावन म्हणजे सहस्राम्रवन, हजार आंब्यांचं वन. नेमिनाथांनी दीक्षा घेतली ती याच ठिकाणी. आमच्या सोसायटीतल्या जैन शेजारणीकडून ती कथा मी कितीदा ऐकलीय. लग्नाची वरात निघालेली, पलीकडे राजुल वाट बघतेय, आणि मांडवाच्या बाजूला जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडला. त्यांनी रथ परत फिरवला आणि ते गिरनारवर आले. मी तिथे सावलीत बसून लिंबाचं सरबत काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला ताईंची डबी लागली.

मला काय झालं ते कसं सांगू? ज्याने दुसऱ्याच्या हाकेसाठी भर वरातीतून रथ वळवला, त्याच्या जागेत मी बसले होते. आणि मला साधा पाव तासाचा रस्ता वाकडा करवला नव्हता.

तुम्हाला वाटेल, मग मी परत चढून गेले असेन. नाही गेले. खालून जाणंच लवकर होईल असं सगळ्या म्हणाल्या आणि मला ते पटलं, की मी पटवून घेतलं, देव जाणे. धावतपळत उतरलो, दीड वाजला. पायथ्याशी एका टपरीच्या सावलीत ताई बसलेल्या. शेजारी दोन डोलीवाले.

झालं असं होतं की अकराच्या सुमारास ताईंना दरदरून घाम सुटला, हातपाय कापायला लागले. डोलीवाल्यांपैकी एकाने ओळखलं, त्याच्या आईलाही साखर आहे. दुकानातून गूळ आणि पाणी आणून दिलं. मग डोलीत बसवून खाली आणलं. तळेटीला डोलीचा दर वजनकाट्यावर ठरतो, पण यांनी ना वजन केलं, ना आधी पैसे मागितले. पाकीट तर माझ्याकडे. मी पैसे देताना त्यातला मोठा म्हणाला, "बेन, तमे उपरथीज आव्या ने? तो रस्तामां मळ्या केम नहीं?" मी काय उत्तर देणार.

ताई एवढंच बोलल्या, "तू येशील म्हणून मी त्या ओट्यावरून हलले नाही."

आपण सगळे अवधूतांचे चोवीस गुरू पाठ करतो. मीसुद्धा डोंगर चढताना त्यातला बाण करणारा आठवत होते. राजाची स्वारी शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो एकाग्र. माझी एकाग्रता तशीच आहे असं मला वाटत होतं. घरी आल्यावर नाथांचं भागवत पुन्हा उघडलं. चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी, आणि पृथ्वीच्याच पोटात पर्वत आणि वृक्ष येतात. पर्वताकडून काय शिकायचं? त्याचं पाणी, गवत, दगड, औषधं, सगळं दुसऱ्यासाठी असतं, स्वतःसाठी तो काहीच ठेवत नाही. म्हणजे मी दिवसभर ज्या गुरूच्या अंगाखांद्यावर फिरत होते, त्याचाच पाठ चुकले. प्रदक्षिणेत मध्ये देव असतो आणि आपण त्याच्या भोवती. माझ्या त्या गोलाच्या मध्ये मीच होते.

हे आज लिहायचं कारण सांगते. मागच्या गुरुवारी आपल्या एका ताईंनी विचारलं की यजमान आजारी आहेत, गुरुचरित्राचा सप्ताह तिसऱ्या दिवशी थांबवला तर दोष लागेल का? त्यांना आपल्यातल्या तिघी-चौघींनी सांगितलं, "काही झालं तरी संकल्प मोडू नका." मीही तिथे होते आणि गप्प बसले. नको होतं बसायला. पारायणाचे नियम मी मानते, सोवळंही पाळते. पण घरात कोणी ओट्यावर आपली वाट बघत बसलं असेल, तर पोथी मिटून त्याच्याकडे जाणं हा दोष नाही. काही जणी म्हणतील, अशाने रोज कोणीतरी बहाणा काढेल. काढेलही. पण बहाणा कुठला आणि खरं कारण कुठलं, हे आपल्याला आतून बरोबर कळतं. मला फाट्यावर कळलंच होतं.

गुरुजींना मी हे सगळं सांगितलं होतं. मला वाटलं काही प्रायश्चित्त देतील. ते म्हणाले, "ताईंना विचारलंस का, पुन्हा येणार का?" बाकी काही नाही.

विचारायला मला दहा महिने लागले. परवा विचारलं. यंदा रोपवेने अंबामातेपर्यंत दोघींनी जायचं, तिथून समोरच्या शिखरांना हात जोडायचे, आणि त्याच रोपवेने परत यायचं असं ठरलंय. ताई "हो" म्हणाल्या. फक्त गोळ्यांची डबी त्या स्वतःच्या पिशवीत ठेवणार आहेत.

— एक सेविका, सुरत