हवा गाळून घेण्याचं व्रत

येरवड्यात जुनी गाडी ठेवायची म्हणजे धुळीशी रोजची गाठ. नगर रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा बॉनेटखालीसुद्धा बोट फिरवलं की रेघ उमटायची. आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, अण्णांनी घेतलेली. १०८९ सीसीचं कार्ब्युरेटरचं इंजिन. ती बनवणारी कंपनी १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढली, म्हणजे आपल्याच जैन समाजाच्या माणसाने, याचा अण्णांना फार अभिमान. तिच्या एअर क्लीनरला गंज चढला आणि नवा फिल्टर कोणता बसवायचा, हा प्रश्न आला. माझ्या दृष्टीने हा प्रश्न धर्माचाही आहे.

मिस्त्री म्हणाले, “ताई, डबा काढून टाका, जाळीचा खुला फिल्टर लावू. गाडी मोकळी पळेल.” पळेलही. पण हवा वाढली की हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि कार्ब्युरेटरचा जेट मोठा करावा लागतो. शिवाय जाळी भरड असेल तर बारीक धूळ आत जाते, रिंगा आणि बोअर घासले जातात, मग इंजिन तेल खायला लागतं. दुसऱ्या टोकाला चोंदलेला फिल्टर. त्यातून धूळ जात नाही, पण हवाही पुरेशी जात नाही. मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. एवढी हवा अडवून इंजिन जगणारच नाही.

धर्माचा प्रश्न इथेच येतो. आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन. आमच्याकडे कर्म म्हणजे सूक्ष्म पुद्गल, जडद्रव्याचे कण. मन, वाणी, काया हलली की ते जिवाकडे ओढले जातात, हा आस्रव. क्रोध, मान, माया, लोभ असले की चिकटतात, हा बंध. आणि येणं थांबवणं हा संवर. लहानपणी मला वाटायचं, संवर म्हणजे दारं लावून घेणं, त्या चोंदलेल्या फिल्टरसारखं. पण संवराच्या साधनांत तीन गुप्तींच्या जोडीला पाच समिती सांगितल्या आहेत. गुप्ती म्हणजे आवरणं. समिती म्हणजे करावंच लागतं ते जपून करणं: चालणं, बोलणं, आहार घेणं, वस्तू उचलणं-ठेवणं आणि पाचवी उत्सर्ग, म्हणजे शरीरातला मळ टाकतानाही जीव दुखावणार नाही अशी जागा पाहणं. हे नियम मुनींचे, हे मला माहीत आहे. तरी श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, त्यांतून शिकू नये असं कुठे आहे?

माझं मन त्या पाचव्या समितीवर अडतं. आजी विहिरीचं पाणी दुपदरी कापडातून गाळायची आणि कापड उलटं करून त्यावरचे जीव त्याच विहिरीत सोडायची. पाणी शुद्ध झालं, काम संपलं, असं तिने कधी मानलं नाही. आपण मात्र फिल्टर निवडताना फक्त इंजिनाचा विचार करतो. मागच्या नळीतून जे बाहेर पडतं ते सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्याच्या छातीत जातं. माझं इंजिन स्वच्छ राहावं म्हणून मी धूळ अडवते. त्याच्यासाठी काय अडवते?

कुणी म्हणेल, मग गाडीच का ठेवता? रास्त प्रश्न आहे. जवळच्याच कारागृहातून गांधीजींनी १९३० साली आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली, त्यांत अपरिग्रहही होता, म्हणजे गरजेपलीकडे काही न बाळगणं. मला तो पूर्ण पेलत नाही. श्रावकाला परिग्रहाचं परिमाण ठरवण्याची मुभा आहे. मी एकच गाडी, तीही कमी चालवायची, असं ठरवलं आहे.

जुन्या पद्धतीचा तेलाचा फिल्टर मला सुरुवातीला आवडला होता. हवा वळते, धूळ तेलात पडते, दरवेळी कागद फेकावा लागत नाही. पण ते मळलेलं तेल कुठे टाकायचं? गटारातून ते मुळा-मुठेतच जाणार. शेवटी डब्याचा गंज काढून, रंग देऊन त्यात कागदी फिल्टरच बसवला. धुळीच्या भागात तो ठरलेल्या मुदतीआधीच बदलावा लागतो, आणि मी तो बदलते.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. फिल्टरचा प्रकार बदललात तर जेट आणि मिश्रणही जुळवून घ्या, पीयूसीच्या कागदावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा स्वतः वाचा, आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका.