खर्जाच्या तारेपाशी

बसा. पाठ सैल सोडा.

वाराणसीत कबीरचौऱ्याच्या एका गल्लीत आहात, असं समजा. सकाळ आहे. दुकानं उघडायची आहेत.

श्वास घ्या. सोडा.

कुठल्यातरी माडीवर रियाज चाललाय. उजव्या तबल्याचे बोल नीट पोचत नाहीत. भिंतीतून येतो तो डग्गा.

उंच स्वर भिंतीपाशीच थांबतात. खालचे आत येतात.

त्या घुमाऱ्यापाशी थांबा.

तो कानात आहे, की छातीत?

उत्तर देऊ नका. ऐका.

याच मोहल्ल्यातल्या पंडित सामताप्रसाद यांच्याकडे संगीतकार राहुल देव बर्मन तबला शिकले. पुढे मुंबईत त्यांच्या गाण्यांखाली टोनी वाझ यांची बेस गिटार वाजत राहिली. गाणं गुणगुणताना ती आपल्याला आठवतही नाही. ती काढून घेतली, की गाणं पोकळ वाटू लागतं.

आता वाद्यांच्या दुकानात आहात, असं समजा. मांडीवर एक बेस गिटार घ्या. पहिलीच. स्वस्तातली.

नाव वाचू नका. रंगही राहू द्या. तो दुकानदार दाखवतोच.

वजन जाणवू द्या. चारेक किलो असेल.

पट्टा खांद्यावर घ्या. उभे राहा. दोन्ही हात अलगद सोडा. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, खाली झुकते का? डाव्या हाताला ती सारखी उचलून धरावी लागली, तर तो हात वाजवणार कधी?

पुन्हा एक श्वास.

पुन्हा बसा. डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत, नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूपट्टीपर्यंत, न्या. घाई नको. खांदा ओढला जातोय का?

नेहमीच्या बेसवर तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. आखूड बेसवर ३०. हात पुरत नसेल, तर आखूड घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आता तारांकडे पाहा. चार आहेत. तंबोऱ्यालाही बहुधा चारच असतात, आणि शेवटची खर्जाची. इथे सगळ्यात जाड तार तीच जागा धरून आहे.

अँप्लिफायर बंदच असू द्या.

ती जाड तार बोटानं हलकेच छेडा.

पाहा. तार दिसेनाशी होते. तिच्या जागी एक धूसर पट्टी उरते. सेकंदाला साधारण ४१ कंपनं.

त्या पट्टीकडे पाहत राहा.

लाकूड बरगडीला टेकलंय. तिथे काही थरथरतंय?

आवाज विझेपर्यंत थांबा. मध्ये दुकानदार बोलेल. बोलू द्या.

पुन्हा छेडा. पुन्हा थांबा.

आता तीच तार एकेका फ्रेटवर दाबा. प्रत्येक स्वराला त्याचा वेळ द्या. कुठे खरखर येते? कुठे स्वर लवकर मरतो?

लिओ फेंडर यांनी १९५१ साली फ्रेट असलेली बेस बाजारात आणली आणि तिला नाव दिलं प्रिसिजन. फ्रेटमागे बोट पडलं, की स्वर नेमका यावा, एवढाच त्या नावाचा दावा.

तो दावा तपासा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, छेडा. ऐका. मग तिथेच दाबून छेडा.

दोन्ही स्वर एकच आहेत का?

डोळे मिटा. पुन्हा ऐका.

थोडा फरक ब्रिजवरच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टेकूवरच्या, स्क्रूनं निघतो. उंच बसलेल्या तारा, नेकचा बारीकसा बाक, हेही चांगला कारागीर जागेवर आणतो. पिळलेली नेक मात्र सोडून द्या, किंमत कितीही उतरली तरी. आणि सगळे पैसे गिटारवरच घालू नका. ट्यूनर, पट्टा आणि हेडफोन लावता येईल असा छोटा अँप, हे सगळं त्याच हिशेबात बसवा.