शंभर अँपिअर-अवरचा अपरिग्रह

घर विकून आम्ही दोघं मोटरहोममध्ये राहायला लागलो, तेव्हापासून आमचं पुण्य उगीचच वाढलं आहे. लेस्टरला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिरात गेलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "खरा अपरिग्रह तुम्ही जगताय बघा." एका मावशींनी तर आम्हाला बोलता बोलता थेट मुनिमहाराजांच्या रांगेत नेऊन बसवलं. महाराजांजवळ पिंछी आणि कमंडलू. आमच्याजवळ गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, छपरावर सौर पॅनेल आणि घडी घालून ठेवायच्या दोन खुर्च्या. तरी स्तुती ऐकायला बरी वाटते, हे कबूल. पण मी शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी जैन घरात वाढलेली आहे, आणि पुढं सगळी नोकरी परिचारिकेची झाली. औषधाचं माप दोनदा तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही सवय हाडात आहे. म्हणून स्तुतीचंही माप तपासावंसं वाटलं. माणसाजवळ एखादी गोष्ट मोजकीच आहे म्हणून तो ती मोजून वापरतो, याला संयम म्हणायचं का?

आधी आमची वीज किती, ते सांगते. सीटखाली बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लेड बॅटरी आहे. कागदावर ती बाराशे वॅट-तास देते, म्हणजे घरच्या मीटरवरची 1.2 युनिट. पण लेड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाताशी राहतात सहाशे. भिंतीवरच्या डिस्प्लेवर 12.7 व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली, 12.2 च्या आसपास आली की निम्मी संपलेली. दोन किलोवॅटची किटली इन्व्हर्टरवर पाच मिनिटं चालवली तर तेवढ्यात दीडशेहून जास्त वॅट-तास जातात. आमच्या दिवसाच्या विजेचा पाव हिस्सा एका चहात. उलट तीन वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळी पाच तास जाळला तरी पंधराच. उजेड स्वस्त आणि ऊब महाग, हे व्यवहारज्ञान या गाडीनं आठवड्याभरात दिलं. म्हणून चहा गॅसवर, फ्रिज गॅसवर, आणि केस वाळवायचं काम टॉवेलवर. डिझेल हीटरलासुद्धा पेट घेताना दहाएक अँपिअर लागतात. एकदा पेटला की मग एक-दोन अँपिअरवर भागतं.

कॅम्पिंगच्या साइटवर उतरलो तर निळी केबल खांबाला जोडता येते. तिथं 230 व्होल्ट मिळतात, पण तेही अमर्याद नव्हे. कुठं सोळा अँपिअर, कुठं दहा, जुन्या साइटवर सहासुद्धा. सहा अँपिअर म्हणजे 1380 वॅट. किटली आणि खोलीचा हीटर एकदम लावला की खटका पडतो, आणि काही ठिकाणी तो उचलायला साइटच्या माणसाला शोधत फिरावं लागतं. सूर्याचं म्हणाल तर जूनमध्ये स्कॉटलंडातल्या इनव्हरनेसला तो रात्री दहानंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास. डिसेंबरात तो भर दुपारी क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ अंश चढतो. छपरावर आडवं पडलेलं पॅनेल त्याच्याकडून काय घेणार?

आता व्रताकडे येते. माझी आजी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन झालं की त्या दिवसाचा नियम घ्यायची. आज दोनच भाज्या. आज दूध, दही, तूप, तेल, मीठ, साखर या सहा रसांतला अमुक एक नाही. आज गावाची शीव ओलांडायची नाही. घरात तूप भरलेलं असायचं, गाई दुभत्या होत्या, आणि तरी त्या दिवशी तिच्या भाकरीवर तूप नसायचं. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचं परिमाण, म्हणजे वापराच्या वस्तूंची मर्यादा ठरवणं, हे एक व्रत आहे आणि आजीचा नियम हे त्याचं रोजचं रूप. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याची यादीच आहे: भोजन, वाहन, शय्या, स्नान, वस्त्र, अलंकार, गाणंबजावणं. आणि मुदतही दिली आहे: आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. आमच्या गाडीत ही यादी वाचली की हसू येतं, कारण आमचं वाहन तीच शय्या आणि शय्येच्या पायथ्याशी स्नानगृह.

त्याच ग्रंथात समंतभद्रांनी माझ्या प्रश्नाचं उत्तरही देऊन ठेवलं आहे. जे आपल्याला मानवतच नाही ते सोडावं, जे सेवन करण्याजोगंच नाही तेही सोडावं. पण व्रत म्हणायचं ते, जे भोगायला योग्य आहे ते मनात ठरवून सोडण्याला. दोन अटी आहेत. वस्तू भोगायला योग्य हवी, आणि सोडण्यामागं संकल्प हवा. बॅटरी 12.2 वर आली म्हणून मी दिवा मालवते, तेव्हा यातली दुसरी अट बसतच नाही. तो दिवा माझ्या मनानं नाही, व्होल्टमीटरनं मालवलेला असतो. मावशींनी दिलेलं पुण्य इथंच परत करावं लागतं.

यावर आमचे हे म्हणतात, "पण गाडीत राहायचं आपण ठरवलं ना? संकल्प तेव्हाच झाला." या युक्तिवादात दम आहे. पाचवं अणुव्रत नेमकं तसंच असतं: जमीन एवढी, सोनं एवढं, धान्य एवढं, असा आकडा आधी ठरवायचा आणि त्यापलीकडचं आपलं मानायचं नाही. मुनींचा अपरिग्रह हे महाव्रत. त्यांनी साठवायचंच नाही. गृहस्थानं साठवायचं, पण मापात. त्या अर्थी बॅटरी ही अस्सल गृहस्थ आहे. जूनमध्ये दुपारपर्यंत ती भरते आणि मग चार्ज कंट्रोलर पुढचं ऊन घेतच नाही. पॅनेल उन्हात असतं, सूर्य द्यायला तयार असतो, आणि गाडी म्हणते, पुरे.

गाडी म्हणते, आम्ही म्हणतो का? नाही. अशाच एका भरल्या दुपारी आमच्यात दुसऱ्या बॅटरीची चर्चा सुरू झाली. मग लिथियमची. लिथियम जवळजवळ पूर्ण उतरवता येते, म्हणजे तेवढ्याच शंभर अँपिअर-अवरमध्ये वापरायची वीज दुपटीच्या घरात जाते. ती हलकी असते, जास्त वर्षं टिकते, म्हणजे कचराही कमी. यांचं हे म्हणणं खोडून काढता येत नाही. पण त्याच्या पाठोपाठ इंडक्शन शेगडीचं नाव निघालं, आणि शेगडीपाठोपाठ मोठ्या इन्व्हर्टरचं. बॅटरीला तळ असतो तसा माथाही असतो. हव्यासाला माथा नसतो. परिमाण अँपिअरमध्ये नाही, ते मनात ठरवावं लागतं: लिथियम घेऊनही सहाशे वॅट-तासांत राहता येईल, आणि लेड बॅटरीवर राहूनही रात्रंदिवस लिथियमचा ध्यास घेता येईल. असा ध्यास घेणाऱ्याला अपरिग्रही म्हणता येणार नाही, मग त्याचं घर कितीही लहान असो.

आणखी एक गोष्ट स्तुती करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पॅनेलनं हात टेकले की आम्ही गाडी चालवतो. इंजिन फिरलं की आल्टरनेटर बॅटरी भरतो. ती वीज आकाशातून आलेली नसते, डिझेलमधून आलेली असते. गॅसचा सिलिंडरही कुणीतरी भरून दिलेला असतो. म्हणजे विजेचं बिल येत नाही याचा अर्थ खर्च होत नाही असा नव्हे. तो दुसऱ्या पंपावर होतो. अनर्थदंडाच्या, म्हणजे निष्कारण केलेल्या पापाच्या, विवेचनात समंतभद्रांनी प्रमादचर्या सांगितली आहे: विनाकारण माती उकरणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडझाडोरा तोडणं. आणि याच ओळीत उगाच हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं हेही आहे. मोटरहोमवाल्यानं हे वाचून थोडं खाली बघावं. आमच्यापुरतं आम्ही एवढं केलं आहे की एका जागी उतरलो की तिथून लवकर हलत नाही. आजीचा शीव न ओलांडण्याचा नियम स्कॉटलंडात या रूपानं पाळला जातो.

मग ही मर्यादा काहीच शिकवत नाही का? शिकवते, आणि ते थोडं नाही. घरात असताना वीज भिंतीतून येते. दिवसभर रिकाम्या खोलीत दिवा जळला तर त्याचा पत्ता महिन्यानं लागतो, तोही बिलावरच्या एका आकड्यात मिसळून गेलेला. इथं दुपारी केलेली उधळण त्याच रात्री थंडी होऊन अंगावर येते. त्यामुळं हात आपोआप सावध होतो: नळ उघडताना पंपाचा आवाज ऐकू येतो, फोन चार्जिंगला लावताना डिस्प्लेकडे नजर जाते. आमच्याकडं याला यत्नाचार म्हणतात, आणि याच्या उलट तो प्रमाद. मोजकी वीज प्रमाद घालवते. लोभ घालवण्याची ताकद तिच्यात नाही. त्यासाठी व्रतच लागतं. माझ्या सगळ्या विचाराचं सार एवढंच आहे.

म्हणून आमची परीक्षा बॅटरी संपत आलेल्या रात्री नसते. ती असते सोळा अँपिअरच्या खांबापाशी, जिथं विजेचे पैसे साइटच्या भाड्यातच गेलेले असतात. वीज आहे, योग्य आहे, पैसेही मोजलेले आहेत. तिथं आम्ही एक नियम घेतो: जोडणी असली तरी त्या दिवशी बॅटरीवर जेवढं भागलं असतं तेवढंच वापरायचं, आजारपण आणि कडाक्याची थंडी वगळून. हा नियम छोटा आहे आणि कधी यांची, कधी माझी कुरकूर होते. पण व्होल्टमीटरनं मालवलेल्या आणि आपण मालवलेल्या दिव्यातला फरक तिथं कळतो.

आता ज्यांच्याविषयी कुणी असं गोड बोलत नाही, त्यांच्याविषयी. माझा भाऊ अजून ऊस करतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला तो टॉर्च हातात घेऊन चिखलात पाण्याची दारं मोडायला जातो. थंडी, साप, विंचू सगळं तिथं आहे. त्याची वीज आमच्यापेक्षा जास्त बेभरवशाची आहे, पण त्याला कुणी अपरिग्रही म्हणून हार घातलेला नाही, आणि घालूही नये. त्यानं काही सोडलेलं नाही, त्याला मिळालेलं नाही. आमच्या टंचाईला आम्ही कधीही निळी केबल जोडू शकतो. म्हणून ती लोकांना साधेपणा वाटते. ज्याच्याकडे ती केबल नाही त्याच्या टंचाईत अध्यात्म शोधणं हा क्रूरपणा आहे. दुसऱ्याच्या अभावाला व्रताचं नाव दिलं की तो अभाव दूर करण्याची जबाबदारी अलगद आपल्या खांद्यावरून उतरते.

तेव्हा पुण्यात, सांगलीत किंवा लेस्टरमध्ये चोवीस तास वीज असलेल्या घरात बसून हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आमचं कौतुक करू नका. व्रत घेण्याची खरी सोय तुमच्याकडं आहे, कारण सोडण्याजोगं तुमच्याजवळ आहे. त्यासाठी घर विकायला नको, गाडी घ्यायला नको. मीटर प्रत्येक घराला असतोच. समंतभद्रांनी दिलेल्या मुदतींतली झेपेल ती निवडा. पंधरवड्यापासून सुरुवात करा. एवढ्या युनिटांत भागवीन, असा आकडा घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा. वाचलेले पैसे कुणा गरजूच्या उजेडासाठी द्या. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी अशी मागणी कुठं होत असेल, तर तिथं जाऊन सही करा.